निरोपाची पुस्तिका आणि ती छापणारा छापखाना

पाळकाची बदली झाली की मंडळी त्याला निरोप देते, आणि तो निरोप कसा असावा हे आमच्याकडे बहुधा ठरलेले असते. शेवटच्या रविवारची उपासना, मग मांडवात शाल, हार आणि चौकटीत बसवलेले मानपत्र, पंच कमिटीच्या चिटणिसांपासून संडे स्कूलच्या मुलांपर्यंत सर्वांची भाषणे, आणि अगदी शेवटी, जेवणाचा वास मांडवभर पसरलेला असताना, पाळकाचे आभाराचे चार शब्द. या क्रमात मंडळी पाळकाबद्दल जे म्हणते ते काचेत बसून भिंतीवर जाते, आणि पाळकाला मंडळीबद्दल जे म्हणायचे असते ते वाऱ्यावर जाते. यंदा मे महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण मंडळीतून माझी बदली झाली, तेव्हा हे उलट करून पाहायचे मी ठरवले. मानपत्र नको, अशी विनंती पंचांना केली, आणि माझे शेवटचे प्रवचन व आभाराचे पत्र मिळून एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापून घेतली, घरटी एक. ती ज्या छापखान्याने छापली त्याच्या कामाचे हे परीक्षण आहे.

छापखान्याचे नाव येथे देत नाही. पुढे ज्या त्रुटी लिहिणार आहे त्या एका कामातल्या आहेत, आणि एका कामावरून दुकानाच्या नावाला डाग लागावा असे ते दुकान नाही. शहराच्या जुन्या भागातल्या एका बोळात तळमजल्यावर ते आहे; मालक, संगणकावर अक्षरजुळणी करणारा एक तरुण आणि बांधणीचे काम पाहणाऱ्या दोन महिला एवढाच कारभार. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची गुणपत्रके आणि निवडणुका आल्या की पत्रके, यांवर त्यांचे पोट चालते. पुस्तके ते क्वचितच छापतात, आणि हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, ही गोष्ट मला त्यांच्या बाजूने वाटली.

पुण्याला किंवा ऑनलाइन छापून घेतले असते तर प्रतीमागे काही रुपये वाचले असते. तरीही मी नगरमध्येच छापायचे ठरवले, त्याला थोडे कारण इतिहासाचे आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले आणि १८४२ साली मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच गावातून निघू लागले. मराठी मुद्रणात पुढे ज्यांचे मोठे नाव झाले ते निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले होते. खिळे, शाई आणि सुवार्ता यांची या भागातली ओळख एवढी जुनी असताना नगरच्या मंडळीची पुस्तिका दूरच्या गोदामातून कुरिअरने यावी, हे मनाला पटेना. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे होते. या पुस्तिकेत नावे होती, पुष्कळ नावे होती, आणि नावांचे काम समोरासमोर बसल्याशिवाय नीट होत नाही.

निरोपाच्या प्रवचनासाठी सहज हाताशी येणारा उतारा म्हणजे नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय. इफिस येथे तीन वर्षे घालवलेला पौल यरुशलेमेला निघालेला आहे, पेन्टेकॉस्टच्या आत पोहोचायची घाई आहे म्हणून इफिसला न जाता तो मंडळीच्या वडिलांना मिलेत येथे बोलावून घेतो, त्यांच्याशी बोलतो, गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि सगळे त्याच्या गळ्यात पडून रडतात. उतारा थोर आहे, यात शंका नाही. पण त्याच्या मध्यावर, मी गेल्यावर तुमच्यात लांडगे शिरतील, असा इशारा आहे, आणि निरोपाच्या व्यासपीठावर लांडगे आणण्याचा मोह पाळकांना फार लवकर होतो. मग श्रोते मनातल्या मनात कोण लांडगा याचा हिशोब मांडू लागतात आणि आभार बाजूला राहतात. म्हणून मी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय घेतला. तो वाचताना पुष्कळ जण पुढे निघून जातात, कारण त्यात सिद्धान्त फारसा नाही, नावे आहेत, पंचवीसहून अधिक. फिबी, प्रिस्क आणि अक्विला, मरीया, रूफ. कोणी पौलासाठी जीव धोक्यात घातला, कोणी फार श्रम केले, कोणाच्या घरी मंडळी जमते. एका मोठ्या पत्राचा शेवट माणसांची नावे घेत होतो, आणि कृतज्ञता सांगण्याची याहून नेमकी रीत मला माहीत नाही. ‘तुम्हा सर्वांचे आभार’ या वाक्यात कोणीच नसतो.

तेव्हा पुस्तिकेचा अर्धा भाग प्रवचन आणि अर्धा भाग नावे, प्रत्येक नावापुढे एक वा दोन ओळी. पहाटे घंटा वाजवणारे, पेटी वाजवणारे, प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापड वर्षानुवर्षे घरी धुऊन, इस्त्री करून आणणारी बहीण, कापणीच्या सणात आलेल्या धान्याचा लिलाव पुकारणारे काका, कोविडच्या काळात प्रेताला खांदा द्यायला आलेली तरुण संघाची मुले, पाळकीणबाईंच्या आजारपणात महिनाभर डबा पाठवणारे घर. आमच्या मंडळीतली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावर, परततात. त्यांचा नाताळ साखर कारखान्याच्या आवारातल्या खोपीत होतो. उपासनेच्या हजेरीत ती कमी दिसतात, म्हणून आभाराच्या यादीत ती आधी आली पाहिजेत, असे माझे मत होते. त्यांची नावे खात्रीने मिळवण्यासाठी फडावर फोन करावे लागले.

आता या छापखान्याची खरी परीक्षा सुरू होते. ख्रिस्ती मंडळीत एका माणसाला तीन नावे असू शकतात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत योहान, आधार कार्डावर जॉन आणि गावात सगळ्यांच्या तोंडी तात्या. शमुवेलचा सॅम्युअल होतो, रूथचे कधी रुथ होते, आणि एकाच आडनावाची पाच घरे असली की वडिलांच्या नावाशिवाय ओळख पटत नाही. मी दिलेला मजकूर मोबाइलवर टंकलेला, व्हॉट्सॲपवरून पाठवलेला, म्हणजे छापखान्याच्या दृष्टीने कच्चा माल. अक्षरजुळणी करणाऱ्या तरुणाने पहिले काम केले ते हे, की नावांची यादी मजकुरापासून वेगळी काढली, ती मोठ्या टायपात कागदावर छापली, आणि प्रत्येक नावापुढे एक मोकळी चौकट ठेवून सांगितले, की ज्याचे नाव आहे त्याने किंवा त्याच्या घरच्याने येथे स्वतः लिहून द्यावे. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. लग्नपत्रिकांच्या धंद्यात नावाच्या एका वेलांटीवरून व्याही कसे रुसतात हे त्याने पाहिलेले आहे, आणि तो अनुभव त्याने येथे वापरला. त्या चौकटींमुळे कामाला वेळ लागला, पण छापील पुस्तिकेत एकही नाव चुकलेले अजून कोणी दाखवलेले नाही. छपाईच्या कामाचे याहून मोठे प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही.

यादी कोणत्या क्रमाने लावावी हा प्रश्नही त्यांनीच काढला. मालकांचा अनुभव असा, की स्मरणिकेत देणगीदार आधी, पदाधिकारी नंतर आणि मग बाकीचे. मी अकारविल्हे मागितली, म्हणजे मोठे शेत असलेले पंच आणि घंटा वाजवणारे काका अक्षराच्या न्यायाने शेजारी येतात. मालकांनी दोन वेळा विचारले, नक्की ना पाळकसाहेब, नंतर कोणी बोलले तर? कोणी बोलले नाही. मात्र हा प्रश्न त्यांनी छपाईपूर्वी विचारला, हे त्यांच्या सेवेचे अंग म्हणून नोंदवतो, कारण पुष्कळ छापखाने दिलेला कागद मुकाट्याने छापून मोकळे होतात.

एक जागा मुद्दाम रिकामी होती. एका वयस्क आजींनी त्यांचे नाव येऊ नये असे निक्षून सांगितले होते. त्यांनी काय केले ते लिहा, देवाला नाव माहीत आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे यादीच्या शेवटी नावाविना दोन ओळी होत्या. तपासणीच्या वेळी त्या तरुणाने तेवढ्यावर पेन्सिलीने खूण केली आणि विचारले, की येथे नाव गळले आहे का. मी त्याला सांगितले, की ज्या अध्यायावर हे प्रवचन आहे त्यातही रूफाच्या आईचे नाव दिलेले नाही. ती माझीही आई आहे, एवढेच पौल म्हणतो. तो ख्रिस्ती नाही, पण त्याने तो भाग पुन्हा वाचला आणि त्या दोन ओळींच्या वर जागा थोडी वाढवली, म्हणजे त्या चुकून राहिलेल्या वाटू नयेत, मुद्दाम ठेवलेल्या वाटाव्यात. मजकूर वाचून जुळणी करणारा माणूस आणि नुसती अक्षरे बसवणारा माणूस यांतला फरक अशा ठिकाणी कळतो. त्याच अध्यायात पत्र लिहून घेणारा तर्तियस मध्येच स्वतःचा सलाम घालतो, ही गोष्ट मी त्याला सांगितली आणि शेवटच्या पानावर त्याचे नाव टाकायची परवानगी मागितली. ती त्याने आनंदाने दिली. येथे मात्र मी ते लिहीत नाही.

अक्षरजुळणीची दुसरी बाजू तेवढी चांगली नाही. मोबाइलवरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, असतो, आणि हा छापखाना अजून जुन्या, श्रीलिपीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतो, कारण त्यांच्या सगळ्या जुन्या पत्रिकांचे नमुने त्यातच आहेत. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना अक्षरे बिघडतात. आमच्या पहिल्या तपासणी प्रतीत ‘दुसऱ्या’ आणि ‘येणाऱ्या’ या शब्दांतला अर्धा र सगळीकडे तुटला होता, ‘ॲ’च्या जागी मोकळी चौकट आली होती, आणि ‘सर्व’चा रफार पुढच्या अक्षरावर सरकला होता. प्रवचनात ‘सर्व’ हा शब्द किती वेळा येतो याची कल्पना वाचकांना करता येईल. दुरुस्ती त्यांनी हाताने, ओळ न् ओळ केली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तरीही आज मराठीत युनिकोडचे चांगले फॉन्ट सहज मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न उरतोच. जो कोणी येथे मोठा मजकूर घेऊन जाईल त्याने पहिले पान बसवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुखपृष्ठाची हकीकत मजेची आहे. पहिला नमुना त्यांनी न मागता करून ठेवला होता. मध्यभागी माझे मोठे छायाचित्र, मागे ढग, ढगांतून किरण, एका कोपऱ्यात पांढरे कबुतर, दुसऱ्यात उघडे पवित्र शास्त्र, आणि सोनेरी अक्षरांत ‘भावपूर्ण निरोप’. चौकात एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लागलेल्या फ्लेक्ससारखे ते दिसत होते, फक्त खाली शुभेच्छुकांची रांग नव्हती. मालकांना ते मनापासून आवडले होते, त्यामुळे नको म्हणताना मला बराच विचार करावा लागला. पुस्तिका मंडळीची आहे, तिच्यावर पाळकाचा चेहरा नको, असे सांगितल्यावर त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. आमच्या मंदिराच्या दगडी भिंतीचे आणि दाराचे एक साधे छायाचित्र, वर दोन ओळी, एवढे मुखपृष्ठ दुसऱ्या नमुन्यात तयार होते, आणि ते खरोखर देखणे झाले. म्हणजे त्यांना चांगले करता येते. मागितल्याशिवाय ते करत नाहीत. सवयीचा भाग आहे.

मधोमध पिना मारून बांधलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, हे छापखान्यात न गेलेल्यांना ठाऊक नसते. नावे वाढत गेली आणि आमचा मजकूर बत्तीस पानांबाहेर दोन पाने गेला. मालकांनी तीन मार्ग ठेवले: टाइप लहान करा, चार पाने वाढवून दोन कोरी सोडा किंवा जाहिरातींना द्या, नाही तर मजकूर कापा. टाइप मी चौदा पॉइंटचा मागितला होता, कारण ही पुस्तिका प्रामुख्याने साठीच्या पुढचे लोक वाचणार होते, आणि जाहिरातीचा प्रश्नच नव्हता. तेव्हा पाळकाचा परिचय, शिक्षण आणि यापूर्वीच्या मंडळ्या यांची दोन पाने काढून टाकली. पुस्तिका त्यामुळे सुधारली, असे मला आजही वाटते.

कागद त्यांनी सुचवला तो घेतला, ९० जीएसएमचा किंचित पिवळसर छटेचा, मुखपृष्ठाला जाड आर्ट कार्ड. पांढऱ्या चकचकीत कागदापेक्षा हा डोळ्यांना सुसह्य आहे, ट्यूबलाइटखाली चमकत नाही आणि पाठची अक्षरे पुढे दिसत नाहीत. तीनशे प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेट करण्यात अर्थ नव्हता, म्हणून डिजिटल छपाई केली. अक्षर स्वच्छ आले. आतली छायाचित्रे मात्र काळवंडली. कापणीच्या सणाच्या जुन्या फोटोत धान्याच्या राशी दिसतात, माणसे ओळखावी लागतात. याचा दोष काही अंशी फोटोंचा असेल, पण छपाईआधी ती उजळून घ्यायला हवी होती आणि तपासणी प्रत कागदावर देताना छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी न ठेवता खरी छायाचित्रे बसवायला हवी होती. तेवढे त्यांनी केले असते तर ही त्रुटी आधीच कळली असती.

मजकुराच्या बाबतीत मालकांनी एक शहाणा प्रश्न विचारला, की यात दुसऱ्याचे लिहिलेले काय काय आहे. शेवटी मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन घेतले होते, जे आमची मंडळी प्रत्येक निरोपाला म्हणते. टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांच्या रचनांना आता कोणाची परवानगी लागत नाही; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. शिवाय टिळक अखेरची काही वर्षे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते, तेव्हा मुद्रिते तपासणारा हा कवी आमच्या कामावर रागावला नसता. शास्त्रातले उतारे लहान ठेवले आणि एका ठिकाणी पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातली ओळ वापरली. रमाबाईंचे ते संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले, आणि त्याच्या छपाईचे काम तिथल्या स्त्रियांनी केले होते. हे मी बांधणी करणाऱ्या दोघींना सांगितले, तेव्हा त्यांनी मुक्ती मिशन कुठे आहे, तिथे आजही छापतात का, असे बरेच विचारले. हक्कांची चौकशी करणारा छोटा छापखाना मी तरी पूर्वी पाहिलेला नव्हता.

दराबाबत तक्रार नाही. प्रतीमागे चाळीस रुपयांच्या आसपास पडले, निम्मी रक्कम आगाऊ, बाकीची माल ताब्यात घेताना, आणि सगळ्याची पावती मिळाली. वेळेबाबत आहे. मे महिना लग्नसराईचा, आणि लग्नाची तारीख हलत नाही, पाळकाची पुस्तिका थांबू शकते, असा त्यांचा हिशोब दिसला. गठ्ठे माझ्या हातात शनिवारी संध्याकाळी पडले, आणि ते उघडल्यावर काही प्रतींत कापणी तिरकी होऊन खालची ओळ अर्धी गेलेली आढळली. ती ओळ नावांच्या पानावरची होती, त्यामुळे चालवून घेण्यासारखी नव्हती. मालकांना कळवताच त्यांनी दुकान पुन्हा उघडले, तेवढ्या प्रती नव्याने छापल्या आणि रविवारी उपासनेआधी स्वतःच्या गाडीवरून मंदिरात आणून दिल्या. चूक झाली, ती त्यांनी निस्तरली. तरी शनिवारची ती रात्र कोणाच्या वाट्याला येऊ नये.

पुस्तिका वाटण्याच्या प्रसंगाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. एवढे नोंदवतो, की माझ्या तोंडी आभाराला दोन मिनिटे लागली, जेवण वेळेवर झाले, आणि लोक पंगतीत बसून आपली व शेजाऱ्याची ओळ शोधत होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना संडे स्कूलच्या मुलांनी वाचून दाखवले. पुस्तिकेत माझा नवा पत्ता आणि फोन क्रमांक मुद्दाम छापला नाही. बदली झालेल्या पाळकाने जुन्या मंडळीतले विवाह, अंत्यविधी आणि भांडणे नव्या पाळकाकडे सोपवायची असतात, आणि आभाराच्या पत्राच्या तळाशी दिलेला फोन क्रमांक ते सोपवणे अवघड करून ठेवतो. मालकांनी तोही आपणहून टाकला होता, सवयीने, सांगितल्यावर काढला.

पाच तारे देण्याच्या पद्धतीत बोलायचे तर चार. अर्धा तारा जुन्या फॉन्टच्या हट्टासाठी आणि अर्धा वेळेसाठी कापतो. कापणीच्या चुकीसाठी काही कापत नाही, कारण तिची भरपाई मागण्यापूर्वी झाली. रंगीत छायाचित्रांची स्मरणिका, सुवर्णमहोत्सवी अंक अशा कामांसाठी हा छापखाना मी सुचवणार नाही. ज्या कामात नावे आहेत, म्हणजे आभारपत्र, मंडळीची कुटुंबसूची, स्मृतिपत्रिका, त्यांसाठी अवश्य जावे. आमच्याकडच्या बदल्या बहुधा मे महिन्यातच होतात, तेव्हा पाळकांनी आणि पंच कमिट्यांनी मजकूर मार्चअखेरपर्यंत नेऊन द्यावा, लग्नपत्रिकांचा ढीग पडण्यापूर्वी; युनिकोडमध्ये टंकलेला असेल तर सोबत छापील प्रतही द्यावी, आणि नावांची यादी वेगळ्या कागदावर, घरोघरी तपासून न्यावी. ठरलेल्या संख्येपेक्षा वीस-पंचवीस प्रती जास्त सांगाव्यात. लेकी सासरहून आल्या की त्या मागतातच.